घराणी म्हणजे बंद डोकी? मग केसरबाईंचं काय करायचं?

आडवा_तानपुरा:
कालपासून एक पोस्ट जो तो पुढे ढकलतोय. मथितार्थ असा: मोकळं मन ही सर्जनाची पहिली अट, घराणी (गायकीच्या गुरु-शिष्य परंपरा) म्हणजे बंद डोक्यांचे किल्ले, म्हणून आपलं रागसंगीत शंभर वर्षं जागच्या जागी फिरतंय. खाली नुसती वाहवा. लिहिणाऱ्याने एक राग तरी चार महिने घासलाय का, अशी दाट शंका आल्यामुळे हे लांबण लावतोय.

गायिका केसरबाई केरकर घ्या. गोव्यातल्या केरीच्या. १९२१ च्या सुमारास जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांचा गंडा बांधला, म्हणजे शिष्यत्व घेतलं, आणि खाँसाहेब १९४६ मध्ये गेले तोवर तालीम सोडली नाही. तोपर्यंत त्या स्वतः देशभर नावाजलेल्या गायिका झाल्या होत्या, तरीही. शिकवण्याच्या बाबतीत धोंडूताई कुलकर्णी सोडल्या तर दार बंद. मोकळेपणाच्या कुठल्याही परीक्षेत बाई सपशेल नापास. पण १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरून जी तबकडी अंतराळात गेली, तीत रागसंगीत म्हणून त्यांचीच भैरवी आहे. हे बंद डोक्यातून आलं का? आलं असेल तर मोकळ्या डोक्याची अट कुठे गेली?

माझं म्हणणं एवढंच. सगळ्याला हो म्हणणारं मन श्रोत्याला शोभतं. गाणाऱ्याला बरीच वर्षं बऱ्याच गोष्टींना नाही म्हणावं लागतं.

बंड्या_बे_एरिया:
आडवेबुवा, सोयीचं तेवढंच उचललंत. ज्यांच्याकडून केसरबाई शिकल्या त्यांचंच बघा. अल्लादियाखाँचं घराणं ध्रुपद गाणाऱ्यांचं. आमलेट्याच्या दरबारात गाऊन गाऊन आवाज गेला. परत आला तो पहिला राहिला नव्हता, मग त्या आवाजाला झेपेल, शोभेल अशी गायकी माणसाने नव्याने रचली. म्हणजे जयपूर घराण्याचा जन्मच जुनं सोडण्यातून झालाय. तुम्ही ज्याला किल्ला म्हणून मिरवताय तो एका माणसाने भिंत पाडून बांधला.

गायक भास्करबुवा बखले तर तीन घराण्यांत शिकले. ग्वाल्हेरचे फैजमहंमदखाँ, आग्र्याचे नत्थनखाँ, शेवटी खुद्द अल्लादियाखाँ. त्यांना कुणी उथळ म्हणेल काय?

आणि हे नुसतं गाण्यापुरतं नाही. मानसशास्त्रात १९८७ पासून मॅक्रे या संशोधकाचं काम आहे, अनुभवांना मोकळं असणं आणि वेगळा विचार सुचणं यांचा संबंध दिसतो. थोडं वाचा.

आडवा_तानपुरा:
अशा चाचण्यांत विटेचे किती उपयोग सुचतात, असलं काहीतरी विचारतात. सुचतील की पन्नास. गवंडी व्हायला एकच लागतो, पण तो नीट यावा लागतो.

भास्करबुवांचं म्हणाल तर प्रत्येक गुरूपाशी ते आधी पुरे बुडाले. आज अर्धा तास ग्वाल्हेर, उद्या यूट्यूबवर किराणा, परवा गिटारवाल्याबरोबर फ्यूजन, याला भास्करबुवा म्हणायचं असेल तर आपण दोघं वेगळ्याच माणसाबद्दल बोलतोय.

मिरजकरीण:
मला दोघांच्याही मुद्द्यांचा राग आलाय, कारण दोघांनीही हे सोसलेलं दिसत नाही. मी एका गुरुजींकडे शिकत होते. नाव नको, आता ते नाहीत. अख्खा पावसाळा यमन. त्याबद्दल तक्रार नाही, त्या यमनावरच आज जगतेय. पण कुमार गंधर्वांची कॅसेट ऐकताना एकदा पकडले गेले. गुरुजींनी ती माझ्या हातातून घेतली, टेपची फीत बोटाने बाहेर ओढली आणि म्हणाले, गळ्यात हे एकदा शिरलं की आमचं निघून जाईल. मग महिनाभर तालीम बंद. परत गेले तेव्हा माझ्या मागून आलेल्या मुलाला पुढची बंदिश मिळालेली, मला नाही.

याला साधना म्हणायचं का आडवेदादा? ही भीती होती, त्यांची.

आडवा_तानपुरा:
ताई, वाईट झालं. पण एका तऱ्हेवाईक गुरुजींवरून...

मिरजकरीण:
एक? कुठल्याही चार जुन्या शिष्यांना विचारा. संगीतशास्त्रकार भातखंड्यांना चिजा (बंदिशी) गोळा करायला किती उस्तादांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या ते वाचलंय ना? क्रमिक पुस्तकांचे सहा भाग ज्याने काढले त्याच्यापासून बंदिशी लपवत होते लोक. किती चिजा तशाच माणसांबरोबर गेल्या असतील. त्यातून कुठलं सर्जन झालं?

पेटीमास्तर:
बंद डोक्यांचा विषय निघालाच आहे तर पेटीबद्दल, म्हणजे हार्मोनियमबद्दल, कुणीच कसं बोलत नाही? ऑल इंडिया रेडिओवर १९४० ते १९७१ हार्मोनियमला बंदी होती. एकतीस वर्षं! आमच्यासारख्या साथीदारांच्या दोन पिढ्या रेडिओच्या दारातून परत गेल्या. आणि इथे केसरबाई मोकळ्या की बंद यावर काथ्याकूट.

बंड्या_बे_एरिया:
घ्या. माझाच मुद्दा. कर्मठांनी नव्या वाद्याचा गळा घोटला.

पेटीमास्तर:
कर्मठ कुठले? तेव्हा रेडिओचा प्रमुख लायोनेल फील्डन, साहेब. त्याला पाठिंबा कुणाचा, तर रवींद्रनाथांचा! १९४० च्या जानेवारीत कलकत्ता केंद्राला पत्र लिहून. जगभर हिंडलेला, पूर्व-पश्चिम एक करू पाहणारा माणूस. याहून मोकळं मन कुठून आणायचं? आणि तुम्ही ज्यांना बंद म्हणता ते बुवा-खाँसाहेब घरी, मैफलीत खुशाल पेटी घेऊन बसत होते. बंड्या, आता कोण मोकळं आणि कोण बंद ते सांग.

षड्ज_पंचम:
रवींद्रनाथ बरोबरच होते. पेटीवर दरबारी रागाचा गंधार काढून दाखवा. आंदोलन (सुराचं झुलणं) नाही, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं) नाही, एक पट्टी दाबली की एक ठोकळा स्वर. वर स्वर समान अंतरावर कापलेले. पेटीच्या साथीने गाऊन गाऊन गळेच ठोकळे झालेत.

पेटीमास्तर:
हे दर गणपतीत एक जण विचारतो. दरबारीचा गंधार गायकाने घ्यायचा असतो, पेटीने त्याच्या भोवती गप्प बसायचं असतं. ज्याला गप्प बसता येत नाही तो वाईट पेटीवाला. गोविंदराव टेंब्यांची पेटी ऐकलेल्यांनी असले आक्षेप घेतले नाहीत. आणि सुरांचंच म्हणाल तर सांगलीचे देवल आणि क्लेमंट्स साहेब यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच श्रुतींची (सुरांमधल्या बारीक सुरांची) पेटी करून पाहिली, अब्दुलकरीमखाँसाहेबांचं साहाय्य घेऊन. प्रयत्न करणारे आम्ही आणि ठोकळेही आम्हीच?

षड्ज_पंचम:
आणि ती श्रुतींची पेटी आज किती मैफलींत दिसते? राहू दे.

पेटीमास्तर:
तुमचा तो मोबाइलमधला तानपुरा मात्र सगळ्या मैफलींत दिसतो! त्यावर एक अक्षर नाही. आमच्या पट्ट्या ठोकळ्या, तुमचं डबडं मात्र साक्षात नाद.

मिरजकरीण:
इथे मात्र मास्तरांशी सहमत, नाइलाजाने. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत माझा तानपुरा जवारीला, म्हणजे घोडी घासून नाद जुळवायला, दिला होता. कारागीर घोडीवर कानस फिरवणार, तार चढवणार, एकदा छेडणार, मान हलवणार, तार उतरवणार, पुन्हा कानस. दोन तास हेच. शेवटी तारेखाली सुताचा धागा सरकवत सरकवत एका जागी थांबला आणि तार बोलायला लागली. मी विचारलं, इथेच का? तर म्हणे, दुसरीकडे नाही म्हणून. त्यांना सतारीची घोडीही वेगळ्या तऱ्हेची करून पाहायची असते, लाकूडही बदलून पाहतात, पण त्या दोन तासांत दुसरं काही ऐकू येत नाही त्यांना.

आडवा_तानपुरा:
मी पहिल्यापासून दुसरं काय सांगतोय?

मिरजकरीण:
नाही, तुम्ही हे सांगत नव्हता. त्या माणसाने माझी कॅसेट फाडली नसती.

बंड्या_बे_एरिया:
+१. आणि कुमारांचा विषय आडवेबुवा शिताफीने टाळतायत. देवधरांच्या गायनशाळेत वाढला तो मुलगा, जिथे सगळ्या घराण्यांचे लोक येऊन बसायचे, गायचे. मग क्षय झाला, १९४८ ला देवासला गेले, वर्षानुवर्षं अंथरुणावर, गायला मनाई. खिडकीतून माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकत राहिले, त्यांतून धुनउगम राग, म्हणजे लोकधुनांतून उगवलेले राग, आले. कान मोकळे नसते तर ती गाणी म्हणजे नुसता गलका.

आडवा_तानपुरा:
देवधरांकडे आधी पक्की तालीम झाली नसती तरीही गलकाच राहिला असता. ती गाणी माळव्यात शेकडो लोक रोज ऐकत होते. राग एकालाच दिसले.

बरं, एक देतो. चिजा दडवणं आणि तालमीत स्वतःला कोंडून घेणं यांची मी मोट बांधत होतो, ती सोडतो. पहिलं कंजूषपणा आहे आणि त्याला माझ्याकडून बचाव नाही. दुसऱ्यावर ठाम आहे.

बंड्या_बे_एरिया:
वा, आडवेबुवांनी चार इंच सरकून दाखवलं. स्क्रीनशॉट काढून ठेवतोय.

षड्ज_पंचम:
पेटीचा निकाल लागलेला नाही हे नोंदवून ठेवतो.

पेटीमास्तर:
लागेल की. रविवारी माझ्याकडे या, दरबारीच लावू. गायचं तुम्ही, पेटीवर मी. तानपुरा मात्र खरा आणा. मोबाइल काढलात तर चहा मिळणार नाही.