नव्या इंजिनिअरना लुब्रिकेशन शिकवायचं तर सुरुवात कुठून करावी?

देखभाल_पाळी
मंडळी, मेंटेनन्सला चार नवे पदवीधर आलेत. स्ट्राइबेक वक्र (वेग, तेलाचा दाटपणा आणि भार यांनुसार घर्षण कसं बदलतं त्याचा आलेख) पाठ आहे, पण ग्रीस गन हातात दिली की सीलमधून ग्रीस बाहेर येईपर्यंत मारत सुटतात. पहिले दोन-तीन महिने काय शिकवावं? लुब्रिकेशनच्या सर्टिफिकेट परीक्षेला लगेच बसवावं का?

बेअरिंग_६३१२
पहिला आठवडा वजनकाट्यावर घालवा. प्रत्येक गनचे दहा स्ट्रोक कागदावर मारून वजन करायला लावा आणि एका स्ट्रोकला किती ग्रॅम पडतं ते गनवरच लिहा. मग हिशेब: बेअरिंगचा बाहेरचा व्यास गुणिले रुंदी (मिलिमीटरमध्ये) गुणिले 0.005, उत्तर ग्रॅममध्ये. 6312 नंबरच्या बेअरिंगसाठी 130 × 31 × 0.005, म्हणजे साधारण 20 ग्रॅम. स्ट्रोक 1.3 ग्रॅमचा असेल तर पंधरा झाले की हात थांबलाच पाहिजे. जास्त भरलेलं ग्रीस घुसळून तापतं, त्यातलं तेल सुटतं आणि मागे नुसता साबण, म्हणजे ग्रीस घट्ट करणारा भाग, उरतो.

मोटरला ड्रेन प्लग (जादा ग्रीस बाहेर पडायच्या वाटेचं बूच) असेल तर तो आधी काढायचा. ग्रीस दिल्यावर मोटर चालवून जादाचं बाहेर येऊ द्यायचं, मगच प्लग लावायचा. नाहीतर ते वाइंडिंगपर्यंत पोचतं.

तेल_नमुना
यात भर घालतो. मोटरमध्ये पुष्कळदा पॉलियुरियाने घट्ट केलेलं ग्रीस असतं. त्यावर लिथियम साबणाचं मारलं तर मिश्रण अनेकदा पातळ होऊन गळतं. रंग एकच दिसला म्हणून ग्रीस एकच असतं असं नाही, हे त्यांच्या मनावर ठसवा.

त्यानंतर तपासणीसाठी तेलाचा नमुना घेणं. हायड्रॉलिक मशीन चालू असताना, रिटर्न लाइनवर, फिल्टरच्या आधी. टाकीच्या ड्रेनमधून घेतला तर तळाचा गाळ येतो आणि रिपोर्ट फसवा निघतो. सॅम्पलिंगच्या नळीत मावतं त्याच्या पाच-दहा पट तेल आधी वाहू द्यावं. तेलाच्या स्वच्छतेसाठीच्या आयएसओ 4406 चा 18/16/13 हा कोड बघताच कळायला हवा: 4, 6 आणि 14 मायक्रॉनपेक्षा मोठे कण, आणि आकडा एकाने वाढला की कण साधारण दुप्पट. न उघडलेल्या बॅरलचाही नमुना काढायला लावा. नवं तेल स्वच्छच असतं, हा समज तिथेच जातो.

देखभाल_पाळी
आणि तेलातलं पाणी?

तेल_नमुना
गॉगल घालून, 160 अंशांच्या हॉट प्लेटवर एक थेंब. तडतडला तर पाणी आहे. विरघळलेलं थोडं पाणी यात कळत नाही, त्याला कार्ल फिशर ही पाणी मोजायची रासायनिक चाचणीच लागते.

बेअरिंग_६३१२
परीक्षेची घाई नको. आधी एकेकाला एक लुब्रिकेशन रूट (ठरलेल्या मशीनना वंगण द्यायची फेरी) वर्षभर सांभाळू द्या.