तंतू न् तंतू रंगवायची खरंच गरज आहे?

काहींचं म्हणणं असतं की पिसाचा तंतू न् तंतू दिसला तरच रानपक्ष्याचं तैलचित्र वास्तववादी. मला हे काही पटलं नाही. फांदीवर बसलेल्या पक्ष्याचे तंतू लांबून दिसतातच कुठे? दिसतात ते पिसांचे गट, त्यांवरचा उजेड आणि कुठे ठसठशीत, कुठे विरलेल्या कडा. सगळंच सारखं रेखीव काढलं की पक्षी पेंढा भरलेला वाटतो.

स्वीडनच्या ब्रुनो लिलियेफोर्स (१८६०–१९३९) या पशुपक्ष्यांच्या चित्रकाराची तैलचित्रं बघा. जवळून नुसते फटकारे, मागे सरकलं की गरुड थेट अंगावर येतो! (जलरंगवाल्यांनी रागावू नये, पण हे वजन तैलरंगातच येतं.)

खरी परीक्षा खंड्या पक्ष्याच्या निळ्या रंगाची. तो निळा रंगद्रव्याचा नसतोच. पिसाच्या सूक्ष्म रचनेत प्रकाश विखुरतो म्हणून तो तसा दिसतो. त्यामुळे ट्यूबमधला कोबाल्ट ब्लू कितीही शुद्ध लावा, मठ्ठच दिसणार. शेजारचे रंग करडे-तपकिरी ठेवून दबवले, तर तोच निळा पेटतो. वर पातळ झिलई (पारदर्शक रंगाचा थर) द्यायची तर खालचा थर पूर्ण वाळू द्या, आणि वरच्या थरात तेल खालच्यापेक्षा जास्त हवं, नाहीतर पुढे भेगा पडतात.

आणि डोळ्यातला तो चमकता ठिपका कृपया शुद्ध पांढरा नको. तिथे आकाशाचं प्रतिबिंब असतं, किंचित निळसर करडा पुरतो.