आपलं कुटुंब ग्रुप: कठवाड्याचं म्युझियम आणि गोठ्यातली फियाट

दादा: काल अहमदाबादला कठवाड्याचं ऑटो वर्ल्ड हे जुन्या गाड्यांचं म्युझियम पाहिलं. आई-बाबा, थोरले काका, मुलं, सगळे होतो. उद्योगपती प्राणलाल भोगीलाल यांचा हा संग्रह. शंभरावर गाड्या ओळीने उभ्या आहेत. रोल्स रॉइस, बेंटली, डेमलर, पॅकार्ड, कॅडिलॅक, शिवाय घोड्याच्या बग्ग्या. फोटो टाकतोय, सावकाश बघा.

आत्या: अरे, थोरल्याचे गुडघे?

वहिनी: आत्या, काल गुडघ्यांचं नावही निघालं नाही. एका गाडीपुढे, इंजिन हाताने फिरवून सुरू करायच्या हँडलचा विषय निघाला आणि काकांनी मुलांना तिथेच खाली बसवलं. म्हणाले, हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, पलीकडून विळखा घालायचा नाही. इंजिनने उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटलं पाहिजे, नाहीतर मनगट मोडतं. मग स्टिअरिंगवरची छोटी दांडी दाखवली. इंजिनात पेट्रोल पेटवणारी ठिणगी आधी पडायची की उशिरा, हे ड्रायव्हर त्या दांडीने ठरवायचा. सुरू करताना ती उशिरावर ठेवायची, म्हणजे उलटा झटका बसत नाही. १९१२ साली कॅडिलॅकने विजेवरचा स्टार्टर आणला आणि हळूहळू हँडल मारण्यातून सुटका झाली. मुलगा अर्धा तास त्या एकाच गाडीपाशी होता. पाटी वाचून त्याला हे कधीच कळलं नसतं.

धाकटे काका: फोटो सुरेख आहेत. विषय निघालाच आहे तर विचारतो. साताऱ्याला गोठ्यात अण्णांची फियाट पडून आहे, तिच्यासाठी भंगारवाला दोनदा येऊन गेला. पावसाळ्याआधी गोठ्याचे पत्रे बदलायचेत. देऊन टाकू का रविवारी?

थोरले काका: देऊ नकोस.

थोरले काका: अण्णांनी ६९ साली घेतली ती. तेव्हा फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली गाडी आहे, वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या. गिअर स्टिअरिंगला, पुढे सलग सीट. त्या सीटवर अण्णा, आई आणि मध्ये तू बसायचास. काल तिथे राजेमहाराजांच्या गाड्या पाहिल्या, डोळे निवले. पण आपल्या घराला चाकं लावली ती या गाडीने.

आत्या: तीच ना डुक्कर फियाट?

थोरले काका: नाही गं. डुक्कर फियाट आधीची, ५४ पासून आली ती. तिची पुढची दारं उलटी उघडायची. आपली नंतरची, डिलाइट. हिलाच पुढे पद्मिनी हे नाव मिळालं.

धाकटे काका: मलाही वाईट वाटतंच. पण कागद संपले असतील, रस्त्यावर काढता येणार नाही. नुसती ठेवून करायचं काय?

दादा: काका, त्यासाठी २०२१ चा केंद्राचा नियम आहे, मी वाचलाय. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली खाजगी दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. आपली बसते. नवीन नोंदणीला २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीला ५,००० लागतात, नोंदणी दहा वर्षं चालते. नवीन नोंदणीत राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं. पण गाडी आधीच नोंदलेली असेल तर जुना नंबर तसाच राहतो. अण्णांचा नंबर जाणार नाही.

धाकटे काका: मग बाजारात नेता येईल?

दादा: नाही, रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल भरायला नि दुरुस्तीला, एवढंच. आणि एक मोठी अट आहे, चासी म्हणजे खालचा सांगाडा, बॉडी, इंजिन मूळचं हवं. त्या काळी पुष्कळांनी फियाटला डिझेल इंजिन बसवून घेतलं. आपल्या गाडीला कुणी हात लावला नव्हता ना?

थोरले काका: कुणाची हिंमत होती! तेच १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आहे.

आत्या: मग प्रश्नच मिटला. पत्र्यांच्या खर्चात माझा वाटा धरा.

धाकटे काका: बरं, भंगारवाल्याला नाही म्हणून कळवतो. बॅटरी लावून एकदा सुरू करून बघू का?

थोरले काका: अजिबात नको!! इतकी वर्षं उभी आहे, आत काय जाम झालंय माहीत नाही. आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढ. वायरी उंदरांनी कुरतडल्यात का बघ. मग चारही प्लग काढून प्रत्येक भोकात थोडं तेल सोड आणि दोन दिवस तसंच राहू दे. नंतर इंजिन हाताने फिरतं का ते पाहायचं, जोर लावायचा नाही. आणि गाडी ठोकळ्यांवर घे, टायरवर वजन नको.

धाकटे काका: करतो. आरसी बुक सापडायला हवं मात्र. कपाटात नाही, पाहिलं मी.

आत्या: आईच्या लोखंडी ट्रंकेत असेल. किल्ली माझ्याकडे आहे, शनिवारी सकाळच्या एसटीने येते.

वहिनी: आत्या, एसटी कशाला? आम्ही गाडी घेऊन निघतोय, तुम्हाला वाटेत घेतो. काकाही येतायत.

थोरले काका: येताना दोन लिटर इंजिन ऑइल आणि प्लगचा पाना आणा रे.