आयटी सोडून तंबोरे करायला मिरजेला जाऊ का?

प्रश्न: पुण्यात आयटीत आहे, पगार बरा. पण जीव रमतो तो मिरजेच्या सतारमेकर गल्लीत. घरचे म्हणतात, खूळ डोक्यातून काढ. काय करू?

उत्तर: ईएमआय आहे का? असेल तर आधी तो फेडा.

उत्तर: मी याच गल्लीतला. २०२४ मध्ये आमच्या सतार-तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, कौतुक झालं. गिऱ्हाईक मात्र इलेक्ट्रॉनिक तंबोरा घेतं. तंबोऱ्याला लागणारा पंढरपूरकडचा भोपळा पारखण्यापासून शिकावं लागेल. जवारी, म्हणजे तारेचा घुमणारा नाद, तर कानानंच लावायची. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस जरा जास्त फिरली की गेला स्वर. माझा पोरगा या धंद्यात नाही, मीच येऊ दिलं नाही. तरी शनिवारी या. आधी भोपळा घासायलाच बसवीन.

प्रश्नकर्ता: येतो काका. सकाळी किती वाजता?