काळ्या रानातही नत्र निसटतं

काही जण म्हणतात की काळ्या जमिनीत युरिया, म्हणजे नत्राचं (नायट्रोजनचं) खत, कधीही टाका, चिकणमाती खत धरून ठेवते, वाहून जातं ते फक्त मुरमाड रानात. मला हे अर्धंच पटतं. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो, म्हणून अमोनियम (नत्राचं एक रूप) आणि पालाश (पोटॅशियम) हे धन भाराचे आयन तिथे चिकटून राहतात. पण युरियाला भारच नसतो आणि मातीत त्याचं शेवटी जे नायट्रेट होतं, त्यावर ऋण भार. दोन्ही पाण्याबरोबर चालते होतात. त्यात आमच्याकडे उन्हाळ्यात रानाला हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा पडतात. त्या बुजायच्या आत जोराचा पाऊस झाला, तर फेकलेला युरिया भेगेतून थेट मुळांच्या आवाक्याबाहेर. कपाशीला युरियाचा हप्ता भेगा मिटल्यावर, वाफशावर (माती ओलसर, पण चिखल नसताना), मातीआड करूनच द्यावा.

स्फुरदाचं (फॉस्फरसचं) नेमकं उलट. तो टाकल्या जागेपासून फार तर काही मिलिमीटर सरकतो. कोकणातल्या जांभ्या मातीत त्याला लोह आणि ॲल्युमिनियम पकडतात, चुनखडीच्या रानात कॅल्शियम. त्यामुळे डीएपी हे स्फुरदाचं खत वरून विस्कटून कितीही पाणी दिलं तरी मुळांपर्यंत उतरत नाही. पेरतानाच बियाण्याच्या जरा खाली, बाजूला पडायला हवं.