फणस आणि निळं रेझिन: पेन कातताना ब्लँक फुटतोय

आगरातला_फणस (दापोली)
नमस्कार मंडळी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमच्या आगरातला फणस आडवा झाला. खोडाच्या फळ्या काढल्या, किड्याने पोखरलेल्या फांद्या पडवीत राहिल्या. पिवळ्या लाकडाच्या त्या भोकांत निळं रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारं प्लॅस्टिकसारखं द्रव) भरून बाबांसाठी पेन करायचा घाट घातलाय. सिलिकॉनच्या साच्यात २०×२०×१३० मिमीचे चार ब्लँक (पेन कातायचे कच्चे तुकडे) ओतले, तेही भर जुलैत. दोन ब्लँक ७ मिमीचं ड्रिल पलीकडे निघता निघता फुटले. तिसऱ्याला घावनासारखी जाळी पडली. चौथा लेथवर गोल झाला, पण भोकात चिकटवलेली पितळी नळी आतून सोन्याच्या दातासारखी चमकतेय! शिवाय रेझिन नखाने दबतं. एवढं सगळं एकाच वेळी कसं चुकलं?

निवृत्त_टर्नर (शिरोली एमआयडीसी)
भावा, ड्रिल एका दमात घातलंस ना? पाच-सहा मिमी गेलं की बाहेर काढायचं, चुरा झाडायचा, मग पुन्हा आत. रेझिनमधून उष्णता बाहेर पडत नाही, चुरा आतच वितळून बिटाला चिकटतो आणि ब्लँक तडकतो. दुसरं म्हणजे ब्लँक गरजेपेक्षा पंधरा मिमी जास्त लांब ठेव, भोक आरपार नेऊच नकोस. टोक नंतर करवतीने काप, भोक आपोआप उघडं पडतं. चाळीस वर्षं लोखंड कातलं, तिथं अशी पळवाट नव्हती.

कातायच्या आधी चारी कोपरे पॉलिश पेपरवर मोडून घे. पटाशीला धार पाहिजे. रेझिनची साल दोऱ्यासारखी लांब निघाली तर बरोबर, भुकटी उडून टकटक आवाज आला तर लगेच थांब. आणि नळीला निळा रंग दे, भोकाला आतूनही दे. मगच चिकटव.

रेझिनवाली (पुणे)
जाळी लाकडातल्या ओलाव्याची आणि हवेची. पडवीतलं कोकणातलं लाकूड, तेही जुलैत! तुकडे ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवा आणि मधूनमधून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. वजन कमी व्हायचं थांबलं की ओता.

नख रुततं म्हणजे प्रमाण चुकलंय किंवा रेझिन अजून पुरतं मुरलेलं नाही. तुम्ही कागदी कपाने मापलंत की वजनाने? हार्डनर (रेझिन घट्ट करायला मिसळतात तो) हलका असतो, त्यामुळे डब्यावरचं मापाचं २:१ वजनाला लावलं की गणित बिघडतं. मीही पहिल्या वर्षी कानातल्यांचा आख्खा ट्रे असाच घालवला.

आगरातला_फणस
वजनाने मापलं होतं, २:१. डब्यावर मापाचं प्रमाण आहे, आत्ता वाचलं 🙈 बुडबुड्यांसाठी प्रेशर देतात म्हणे. आईचा जुना पाच लिटरचा कुकर आहे, शिटी काढून कॉम्प्रेसर जोडला तर?

निवृत्त_टर्नर (शिरोली एमआयडीसी)
अजिबात नाही! कुकर साधारण १५ पीएसआय दाबाचा, रेझिनला लोक ४०-५० देतात. झाकण छपरातून जाईल. रंगकामाची प्रेशर टाकी मिळते, तिच्यावर लिहिलेल्या दाबाच्या आतच राहायचं, सेफ्टी व्हॉल्व्ह चालू आहे का ते आधी बघायचं. ४५ पीएसआयला बुडबुडा जेमतेम चौथाई उरतो. पण रेझिन घट्ट होईपर्यंत दाब सोडायचा नाही, नाहीतर तो पुन्हा फुगतो.

लाखेचा_रंग (सावंतवाडी)
दाब-बिब सोडा हो. किडकी फांदी बाजूला ठेवून चांगल्या फणसाचा पेन काता, फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवा, घर्षणाने ती वितळून पसरते. वरून केवड्याचं पान दाबलं की झळाळी. आमच्याकडची खेळणी अशीच रंगतात.

आगरातला_फणस
लाखेचा पुढचा पेन नक्की, पण बाबांना ती पोखरलेली फांदीच हवी आहे. तो फणस आजोबांनी लावलेला.

तीन आठवड्यांनी: टाकी उसनी मिळाली. तुकडे सुकवायला सहा दिवस गेले, नवीन दोन ब्लँक मात्र नीट निघाले. शेवटी १५०० पासून १२००० नंबरपर्यंतच्या बारीक घासायच्या पॅडने पाणी लावून घासलं. क्लिपजवळ एक खड्डा राहिलाच, बाबांचं नख नेमकं तिथेच फिरतं. आता नवी अडचण: स्लिमलाइनला (मी वापरलेला बारीक पेनचा किट) क्रॉस कंपनीच्या पद्धतीची रिफिल लागते, इथल्या दुकानात नाही. पुण्याहून पाच-सहा कुणी पाठवेल का? निळी नको, काळी.