मदत हवी आहे : क्यूटी वेबइंजिन ६.५ मध्ये स्वतःच्या यूआरएल स्कीमवर फेच कसे चालवावे?

पायसाइड ६ (पायथनमधून क्यूटी वापरण्याची लायब्ररी) मध्ये लिहिलेल्या डेस्कटॉप अ‍ॅप्लिकेशनमध्ये क्यूटी वेबइंजिन (वेबपाने दाखवणारा क्यूटीचा भाग) वापरून मराठी अहवाल दाखवायचे आहेत. त्यातले सेट-एचटीएमएल हे फंक्शन दिलेला मजकूर टक्केचिन्हांच्या संकेतात बदलून डेटा यूआरएल (मजकूर स्वतःतच सामावलेला पत्ता) बनवते आणि त्याची मर्यादा २ एमबी आहे. देवनागरीचे एकेक अक्षरचिन्ह त्यात ९ वर्ण खात असल्याने मध्यम आकाराचा अहवालही कोरा दिसतो. तात्पुरती फाइल लोड केली तर अडचण सुटते, पण माहिती गोपनीय असल्याने ती डिस्कवर ठेवता येत नाही. लोकलहोस्टवर (त्याच संगणकावरच्या सर्व्हरसाठी) पोर्ट उघडण्यासही परवानगी नाही.

म्हणून स्वतःची स्कीम (यूआरएलच्या सुरुवातीचा ‘https’सारखा भाग) क्यूअ‍ॅप्लिकेशन तयार होण्यापूर्वीच नोंदवली आणि तिला सिक्युअर-स्कीम व कॉर्स-एनेबल्ड हे फ्लॅग दिले. पान व्यवस्थित उघडते, मात्र त्यातील फेचची (जावास्क्रिप्टमधून माहिती मागवणाऱ्या फंक्शनची) विनंती हँडलरपर्यंत, म्हणजे त्या स्कीमच्या विनंत्यांना उत्तर देणाऱ्या आमच्या कोडपर्यंत, पोहोचतच नाही. अशा स्कीमवर फेच चालू देणारा फेच-एपीआय-अलाउड हा फ्लॅग क्यूटी ६.६ पासून आहे, पण आम्हाला ६.५ सोडता येत नाही. अ‍ॅप्लिकेशन विंडोज व लिनक्स या दोन्हींवर, तेही पूर्णपणे ऑफलाइन, चालायला हवे. त्यामुळे लिनक्सवर न चालणारे मायक्रोसॉफ्टचे वेबव्ह्यू२ नको.

पानातील फेच वापरणारी तयार लायब्ररी न बदलता ६.५ मध्येच हे साधता येईल का, की फेचच्या जागी एक्सएमएलएचटीटीपी-रिक्वेस्ट (माहिती मागवण्याची जुनी पद्धत) किंवा वेबचॅनेल (पानातील जावास्क्रिप्ट व अ‍ॅप्लिकेशन यांना जोडणारी क्यूटीची सोय) बसवावे लागेल, आणि मोठ्या जेसन (मजकूर-स्वरूपातील) माहितीसाठी या दोहोंपैकी कोणता मार्ग बरा?